शाळेचं घड्याळ आणि सहा कॉम्प्युटर

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. पुण्याहून धाकट्या बहिणीचा फोन आला, "दादा, बरा आहेस ना?" म्हणाली. बरा आहे. आंब्याचे दिवस होते, पाहुणेरावळे होते, आणि मधल्या काळात मी एका घड्याळाच्या मागे लागलो होतो. त्याचीच ही हकीकत. जरा लांबेल, तेव्हा चहा घेऊन बसा.

निवृत्त झाल्यापासून मी इथल्या एका छोट्या वाचनालयात संध्याकाळी जाऊन बसतो हे तुम्हाला ठाऊक आहे. कुणा दानशूर माणसाने तिथे सहा कॉम्प्युटर दिले. मुलं येतात, सराव परीक्षा देतात, फॉर्म भरतात. त्या खोलीची किल्ली माझ्याकडे, म्हणून शिस्तही माझीच. नियम एकच: मोबाइल दप्तरात, दप्तर दाराबाहेरच्या फळीवर. पस्तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला एवढा तरी हक्क असावा की नाही?

तर झालं असं की, मेच्या पहिल्या आठवड्यात बारावी झालेली एक मुलगी शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला आली. शेवटचा दिवस, मुदत संध्याकाळी पाचपर्यंत. पोर काटेकोर. सगळं भरून झालं तरी पाठवायच्या आधी एकेक रकाना पुन्हा वाचत होती. कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात चार बावन्न, भिंतीवरच्या घड्याळातही चार बावन्न. मीच म्हटलं, "सावकाश बघ गो, आठ मिनिटं आहेत." तिने बटण दाबलं आणि समोर पाटी आली की मुदत संपली आहे.

ती माझ्याकडे बघत राहिली. मी घड्याळाकडे बघितलं. बाहेर जाऊन तिच्या दप्तरातला मोबाइल काढला तर त्यात पाच वाजून तीन मिनिटं!

सुदैवाने दोन दिवसांनी मुदत वाढल्याचं जाहीर झालं आणि तिचा फॉर्म गेला. पण ते दोन दिवस ती कशी होती हे मी पाहिलं आहे. घरात कुणाशी बोलत नव्हती, असं तिची आई सांगत होती. मला "सर, तुमच्यामुळे" असं ती एकदाही म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच खोली उघडली आणि कागद-पेन घेऊन बसलो. आधी भिंतीवरचं घड्याळ. ते तर सेलवरचं, नवीन. शिपायाला विचारलं, हे लावलं कशावरून? म्हणाला, "सर, मागच्या म्हयन्यात सेल घातलंय तेवा कॉम्प्युटर बघून लावलंय." म्हणजे भिंतीचा साक्षीदार बाद. मग सहाही कॉम्प्युटर चालू केले, शेजारी मोबाइल ठेवला आणि वेळा लिहून काढल्या. चार कॉम्प्युटर अगदी एकमेकांशी जुळलेले, सेकंदालाही फरक नाही, आणि चारही मोबाइलच्या अकरा मिनिटं मागे. पाचव्याची वेळ मात्र भलतीच: सकाळी साडेनऊला तो आदल्या रात्रीचे नऊ वाजवत होता. सहावा तर २००९ सालात राहत होता. १ जानेवारी २००९. त्या वर्षी मला निवृत्त होऊन नुकतंच वर्ष झालं होतं, म्हणून जरा वेळ त्याच्याकडे बघत बसलो. असो.

पुण्याच्या नातीला फोन लावला. ती एका कंपनीत हेच काम करते. आता ती काय म्हणाली ते माझ्या भाषेत सांगतो, तिच्या भाषेत सांगितलं तर मला स्वतःलाच कळणार नाही.

म्हणाली, "आजोबा, सहाव्याचा आधी सेल बदला." कॉम्प्युटरच्या पोटात नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२. वीज नसताना आतलं घड्याळ त्यावर चालतं. तो मेला की वीज जाऊन आली की यंत्र आपल्या जन्माच्या तारखेला परत जातं. आणि आमच्याकडे वीज जाण्याला काय तोटा? पहिला पाऊस शिंपडला की गेलीच. मी विचारलं, "पण ते इंटरनेटवरून वेळ घेतात ना? मग सुधारत का नाही?" त्याचं उत्तर मजेचं आहे. घरगुती विंडोजला सांगितलेलं असतं की फरक पंधरा तासांहून जास्त दिसला तर दुरुस्ती करू नकोस. एवढी मोठी तफावत असेल तर चूक आपली की सांगणाऱ्याची, हे यंत्र कसं ठरवणार? म्हणून ते गप्प बसतं. तारीख माणसाने हाताने लावून द्यायची, मग मिनिटं-सेकंद ते पाहून घेतं. याच कामासाठी लिनक्सवर जो जुना प्रोग्रॅम चालतो त्याची मर्यादा १००० सेकंदांची, म्हणजे सुमारे सतरा मिनिटांची. त्याहून जास्त फरक दिसला की तो चक्क काम सोडून बंदच पडतो. तुम्हीच येऊन बघा म्हणतो. मला हा स्वभाव आवडला.

पाचव्याचं दुखणं वेगळं. त्याचं घड्याळ बाकीच्यांइतकंच बरोबर (किंवा चूक) होतं, पण तो राहत होता अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर! कॉम्प्युटर आतल्या आत जागतिक वेळ बाळगतो आणि आपण कुठल्या गावचे ते पाहून तेवढे तास मिळवून दाखवतो. आपल्यासाठी साडेपाच तास. या यंत्राचं गाव कधी कुणी बदललंच नव्हतं. उन्हाळ्यात त्या किनाऱ्याची आणि आपली वेळ यांत साडेबारा तासांचा फरक पडतो, तो बरोबर तितकाच मागे होता. बिचारी पोरं रोज काटे पुढे करत आणि काही तासांनी ते परत मागे येत. पोरं म्हणत, भूत आहे. भूत कसलं? गाव बदलायचं सोडून काटे हलवले की असंच होणार.

आता राहिले ते चौघे. हेच खरे अवघड, कारण ते चुकत होते आणि एकमताने चुकत होते.

इथे जरा थांबून, एक यंत्र दुसऱ्याला वेळ विचारतं कसं ते सांगतो. मला ते समजायला दोन दिवस लागले. शेवटी शाळेतल्या उदाहरणासारखं मांडल्यावर डोक्यात शिरलं. समजा माझ्याकडे एक घड्याळ आहे आणि पोस्टात दुसरं, ते बरोबर आहे. मी एका पोराला पोस्टात पाठवतो. तो निघाला तेव्हा माझ्या घड्याळात दहा वाजले. पोस्टात पोचला तेव्हा तिथल्या घड्याळात दहा बारा. तिथे मिनिटभर रेंगाळून दहा तेराला निघाला. परत आला तेव्हा माझ्या घड्याळात दहा सात. आता गणित करा. माझ्या हिशेबाने तो सात मिनिटं बाहेर होता, त्यातलं एक मिनिट पोस्टात गेलं. चालण्यात सहा गेली, जायला तीन आणि यायला तीन. म्हणजे तो पोचला तेव्हा माझ्याकडे दहा तीन झाले असणार. पोस्टात तर दहा बारा होते. माझं घड्याळ नऊ मिनिटं मागे! पोराने नुसती वेळ आणली असती तर वाटेतला वेळ हिशेबात आला नसता. चार आकडे टिपले म्हणून तो वजा झाला.

यात एक गृहीत आहे: जायला आणि यायला सारखाच वेळ लागतो. आमच्या देवगडात हे कोण मानेल? बंदरावर उतरायला पाच मिनिटं, तीच घाटी चढून यायला दहा. इंटरनेटच्या तारांतही अशी चढण-उतरण असते, तेवढी चूक राहते. म्हणून एकाच पोस्टावर विसंबायचं नाही. तीन-चार ठिकाणी पोरं पाठवायची, पुन्हा पुन्हा पाठवायची, जो इतरांपासून फटकून वेगळं सांगतो त्याला बाजूला काढायचं आणि उरलेल्यांवरून ठरवायचं. या सगळ्या पद्धतीला एनटीपी म्हणतात. डेव्हिड मिल्स नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी ती १९८५च्या सुमारास बसवली आणि पुढे वर्षानुवर्षं सुधारत नेली. २०२४च्या जानेवारीत ते वारले. त्यांची नजर लहानपणापासूनच अधू होती आणि उतारवयात ती पूर्ण गेली. जगभरची घड्याळं ज्याने जुळवली त्याला शेवटी शेवटी भिंतीवरचं घड्याळ दिसत नव्हतं. हे वाचलं त्या रात्री मला लवकर झोप लागली नाही.

या पद्धतीत पायऱ्या असतात. सर्वांत वर अणुघड्याळ. त्याला थेट जोडलेला कॉम्प्युटर पहिल्या पायरीवर, त्याला विचारणारा दुसऱ्या, त्याला विचारणारा तिसऱ्या. खालचा वरच्याला विचारतो आणि आपल्या खालच्याला सांगतो. म्हणजे वरच्याने चूक केली की खालचे सगळे प्रामाणिकपणे चुकतात.

आमच्या खोलीत नेमकं हेच झालं होतं. एक कॉम्प्युटर मुख्य, आणि बाकीचे वेळ त्याला विचारतात अशी व्यवस्था ज्याने जोडणी केली त्याने करून ठेवली होती. व्यवस्था चुकीची नाही. पण मुख्य कॉम्प्युटर कुणाला विचारत होता? कुणालाच नाही! नातीने दूरवरून स्क्रीन पाहिला आणि हसायलाच लागली. विंडोजमध्ये एक आकडा असतो, तो अमुक ठेवला की यंत्र खालच्यांना सांगतं, "मी विश्वासू आहे." आपण कुणाला विचारलं की नाही याचा त्याच्याशी संबंध नाही. आमच्या मुख्याने तो बिल्ला लावला होता. जोडणीच्या दिवशी कुणीतरी मनगटावरच्या घड्याळावरून त्याची वेळ लावली, त्याला दोन वर्षं होऊन गेली. आतला क्वार्ट्झचा स्फटिक दिवसाला एखादा सेकंद मागे पडत होता. दिवसाला एक सेकंद म्हणजे काही वाईट नव्हे, माझ्या लग्नातलं घड्याळ याहून जास्त मागे पडे. पण दोन वर्षांचे सातशे तीस दिवस, सातशे तीस सेकंद, म्हणजे झाली की बारा मिनिटं. एका दिवसात कुणाच्या लक्षात येणार नाही अशी चूक होती ती. आणि खोलीत कुठेही बघा, दुजोराच मिळणार. भिंतसुद्धा हो म्हणणार!

मुख्याला बाहेर विचारायला लावलं, तर तेही जमेना. वेळ जुळवता आली नाही, एवढंच सारखं येत राहिलं. अर्धा दिवस गेला. शेवटी राऊटरमध्ये सापडलं. पोरांनी गेम खेळू नयेत म्हणून वेबसाइट बघण्यापुरती दारं सोडून बाकीची सगळी बंद केलेली. वेळ विचारायचं दार १२३ नंबरचं, तेही त्यात बंद. आणि ही दारं बंद करा असा आग्रह कुणी धरला होता? अस्मादिकांनी. तिथे मी नातीला म्हटलं, "जरा चहा घेऊन येतो."

१२३ उघडलं. मुख्याला तीन पत्ते दिले: दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा एक, आणि सरकारच्या एनआयसीचे दोन. त्या दोघांची नावं समय१ आणि समय२ अशी आहेत. मला फार गोड वाटली, जुळ्या भावांसारखी. भारताची प्रमाणवेळ सांभाळण्याचं काम या प्रयोगशाळेचं. तिथल्या अणुघड्याळांत सीझियमचा अणू असतो. त्याची ९,१९,२६,३१,७७० आंदोलनं झाली की एक सेकंद, अशी सेकंदाची व्याख्याच १९६७ साली ठरली. २०२२च्या एप्रिलमध्ये सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने कंपन्यांना वगैरे आदेश काढला की आपले कॉम्प्युटर याच घड्याळांशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या घड्याळांशी, लावून ठेवा. चोरी झाली तर कुणाच्या दारातून चोर किती वाजता गेला याचा मेळ लागला पाहिजे ना. २०२५च्या जानेवारीत सगळ्या व्यवहारांना भारतीय प्रमाणवेळच वापरावी अशा नियमांचा मसुदाही केंद्र सरकारने प्रसिद्ध केला.

देशभर एक वेळ ही आपल्याला आज सूर्यप्रकाशासारखी स्वाभाविक वाटते, पण आमच्याच भागात तिच्यावरून केवढं रामायण झालं आहे! भूगोलाच्या तासाला मी फळ्यावर लिहीत असे: एक रेखांश म्हणजे चार मिनिटं. प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची, देवगड त्र्याहत्तरच्या थोडं पुढे. फरक सुमारे नऊ अंशांचा. म्हणजे घड्याळात बारा वाजतात तेव्हा देवगडच्या सूर्याचे सरासरीने अजून साडेअकरासुद्धा झालेले नसतात. मुंबई थोडी आणखी पश्चिमेला. मुंबईची स्वतःची वेळ होती, आजच्या प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटं मागे. १८८१ साली गव्हर्नर फर्ग्युसन यांनी (कॉलेजवाले फर्ग्युसन ते हेच) सरकारी कचेऱ्यांत मद्रासची वेळ आणायचा घाट घातला. लोकांनी एवढा विरोध केला की १८८३ साली तो गुंडाळावा लागला. १ जानेवारी १९०६ला आजची प्रमाणवेळ आली तेव्हा गिरणी कामगारांनी काम बंद ठेवून निदर्शनं केली. सूर्य तोच आणि भोंगा एकोणचाळीस मिनिटं आधी, मग चिडणार नाहीत तर काय! मुंबई महापालिकेने तर आपली घड्याळं मुंबईच्या वेळेवरच ठेवली, ती पुढे कित्येक वर्षं. म्हणजे माझ्या मोठ्या भावंडांच्या जन्मवेळी एकाच मुंबईत दोन वेळा चालू होत्या. आमच्या दर्यावर्दी मंडळींना या भांडणाचं काहीच नव्हतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, पंचमीला पावणेचार. थोडं इकडेतिकडे होतं, पण होडी त्यावर बाहेर पडते.

असो. वाहवत गेलो. मुख्याने समयला विचारलं आणि घड्याळ एका उडीत अकरा मिनिटं पुढे गेलं. नातीने आधीच बजावलं होतं, "सगळ्या फायली बंद करा, मुलांना बाहेर काढा." कारण चालू कामात घड्याळाने उडी मारली की हिशेब बिघडतात. मागे उडी मारली तर फारच वाईट: पाच वाजता केलेली फाईल पावणेपाचला सुधारली असं दिसतं. म्हणून फरक थोडा असेल तर शहाणी यंत्रं उडी मारत नाहीत. सेकंद किंचित आखूड किंवा लांब करून हळूहळू जुळवून घेतात, एक सेकंद भरून काढायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ घेतात. कुणाच्या कामाला धक्का लागत नाही. मोठी उडी मारायचीच असेल तर ती सगळ्यांना सांगून मारायची.

हे "सगळ्यांना सांगून" मी वहीत लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. कारण मला १९८०चा जून आठवला.

आमच्या शाळेत लंबकाचं मोठं घड्याळ होतं. चावी माझ्याकडे. देवगडात रेल्वे आजही नाही, पण शाळेच्या व्हरांड्यात रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. त्या घड्याळात बघून शिपाई त्याच्यावर टोल देई. मेच्या सुट्टीत घड्याळ बंद पडे. जूनमध्ये शाळा उघडली की मी माझ्या मनगटावरच्या घड्याळावरून ते लावी. त्या वर्षी माझंच घड्याळ सुट्टीत चावी द्यायचं राहून बंद पडलं होतं, ते मी शेजारच्या काकांच्या घड्याळावरून लावलं. काकांनी कशावरून लावलं होतं देव जाणे.

एका संध्याकाळी शेवटच्या तासाला आठवीतला एक मुलगा उभा राहिला. पलीकडच्या वाडीतला. "सर, पाच वाजले. मी जाऊ? बाबा मुंबैक चललेत. सव्वापाचची गाडी." त्याचा बाप गिरणीत. मेमध्ये महिनाभर आलेला, आता परत निघालेला. चाकरमान्याचं घर, पुन्हा भेट कधी, तर गणपतीला रजा मिळाली तर. मी विचारलं, "पाच वाजले हे तुला कुणी सांगितलं? टोल पडला का?" तो म्हणाला, "बाबांनी सकाळी रेडिओवर लावलेलं घड्याळ बघून अंदाज केला." वर्ग हसला. मी म्हटलं, "शाळेत शाळेचं घड्याळ. बस खाली." तो बसला. टोल पडल्यावर दप्तर तसंच टाकून पळाला. दुसऱ्या दिवशी कळलं की गाडी निघून गेली होती.

पण मला त्याच रात्री कळलं होतं. जेवायला बसताना रेडिओवर बातम्या लागल्या आणि मी सवयीने मनगटाकडे पाहिलं. नऊ मिनिटं मागे. सकाळी कुणी यायच्या आत शाळेत गेलो, काच उघडली, काटा नऊ मिनिटं पुढे केला, काच लावली. कुणाला बोललो नाही. हेडमास्तरांना नाही, शिपायाला नाही, त्या मुलाला तर नाहीच. घड्याळ बरोबर झालं ना, मग बोलायचं काय, अशी मी स्वतःची समजूत घातली.

एवढं मला ठाऊक होतं. पंचेचाळीस वर्षं ठाऊक होतं आणि मी ते कुणाला सांगितलेलं नव्हतं. सौ. होती तोवर तिलाही नाही.

तो मुलगा आता साठीकडे आला आहे. बापाने लावलेल्या कलमांची बाग त्याने वाढवली. दर वर्षी एक पेटी माझ्याकडे येते, "सर" म्हणून वाकून नमस्कार करतो. यंदा आला तो नेमका मी त्या खोलीत असताना, सातबाऱ्याची प्रत काढायला. प्रिंटर खुरखुरत होता. मी त्याला सहा कॉम्प्युटरची गोष्ट सांगितली आणि सांगता सांगता म्हणून गेलो, "तुझ्या बापाची गाडी चुकली त्या दिवशी शाळेचं घड्याळ नऊ मिनिटं मागे होतं. तू बरोबर होतास."

तो गप्प. मग हसला. "काय बोलतास सर! माका वाटला, डायवरान गाडी लवकर सोडल्यान. मी त्याका कितीतरी दिवस शिव्या घातलंय."

मी म्हटलं, चूक माझी होती, आणि दुसऱ्या दिवशी ती मी लपवली.

"दुसऱ्या दिवशी?" त्याने जरा आठवलं. "दुसऱ्या दिवशी तर तुमी माका भायर उभो केलात."

मला काही आठवेना.

"उशीर झालो होतो माका," तो म्हणाला. "आदल्या रात्री घरी जावन मी आमचा घड्याळ मागे केलंय. शाळेत टोल पडलो तेवा आमच्या घड्याळात किती आसतले ह्याचो हिशेब केलंय नि धा मिनटां मागे केलंय. आवशीन विचारल्यान, कित्याक रे? मी म्हटलंय, सरांचा घड्याळ चुकता काय कधी?"

प्रिंटर थांबला होता. कागद त्यानेच काढून घेतला.

म्हणजे मंडळी, रेडिओवर लावलेलं, त्या अख्ख्या वाडीतलं कदाचित एकमेव बरोबर घड्याळ त्या पोराने माझ्या शब्दाखातर चुकीचं केलं. आणि त्याच सकाळी मी माझं गुपचूप बरोबर करून बसलो होतो. तो आपला शाळेच्या वेळेवर विश्वासून निघाला आणि उशिरा पोचला. मी त्याला व्हरांड्यात उभं केलं, त्या रुळाच्या तुकड्याखालीच बहुतेक. पुढे गणपतीला बाप आला तेव्हा त्याने रेडिओ लावून घड्याळ बघितलं आणि घड्याळाला हात लावला म्हणून पोराला आणखी एक ठेवून दिली. हेही त्याने हसत सांगितलं.

मी त्याला म्हटलं, "माफ कर बाबा." तो कानकोंडा झाला. "सर, असा काय बोलतास. ता सगळा इसारलंय मी," म्हणाला आणि सातबारा खिशात घालून गेला. विसरला असता तर दहा मिनिटांचा हिशेब एवढा तपशीलवार लक्षात कसा राहिला असता? पण मास्तराला अवघड होऊ नये म्हणून तसं म्हणाला. त्याच्यात हे मोठेपण आलं कुठून ते माहीत नाही, माझ्याकडून शिकला नसणार.

आता खोलीत थोडे बदल केले आहेत. सहाही कॉम्प्युटर जुळले आहेत. मुख्य रोज दिल्लीला विचारतो. दर सोमवारी मी मोबाइल शेजारी धरून सहाही वेळा वहीत लिहितो, फरक पडला तर तोही लिहितो. ही वही टेबलावर उघडी असते, कुणीही बघावी. भिंतीवरचं घड्याळ आता कॉम्प्युटर बघून लावायचं नाही असं शिपायाला सांगितलं आहे. मोबाइल दप्तरात हा नियम अजून आहे, पण फॉर्मचा शेवटचा दिवस असेल तर दप्तर आत आणायला मुभा आहे. आणि दारावर मी मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावली: मेमध्ये या खोलीतली सर्व घड्याळं अकरा मिनिटं मागे होती, ती अमुक तारखेला दुरुस्त केली, त्यामुळे कुणाचं नुकसान झालं असेल तर मला येऊन सांगावं. खाली सही. अजून कुणी आलेलं नाही. ती मुलगी मात्र चिठ्ठी वाचून आत आली, जागेवर बसली, आणि कॉम्प्युटर लावायच्या आधी माझ्याकडे बघून विचारलं, "सर, किती वाजले?"

मी मोबाइल बघून सांगितलं.

बाकी क्षेम. दक्षिणेकडून काळोख करून येतोय, वीज जायच्या आत हे पाठवून देतो. नव्या सेलची परीक्षा आज होईल असं दिसतंय.